नागकलशाच्या बुडाशी

मंद्रूपला गोजरबाईंच्या दारात रविवारी सकाळी चपलांचा नुसता खच पडला होता. आत खिडक्यांना घोंगड्या लावून भर सकाळी अंधार केलेला. समोर चौरंगावर पोपटी काचेची एक जुनी फुलदाणी. तेजोनाथबाबांनी मोरपिसांचा कुंचा तिच्यावरून फिरवला आणि फुलदाणी आतून हिरवीगार पेटली. कुंचा बाजूला झाला, तशी विझली. बायकांचे हात आपोआप जोडले गेले.

"ही फुलदाणी नाही, नागकलश आहे," बाबा म्हणाले. "सातशे वर्षं नागलोकात मण्याच्या उजेडात होता. यातलं पाणी प्यायलं की साखर, दमा, मूळव्याध, कोर्टाची केस, सगळं सुटतं."

"केस कशी सुटंल, बाबा?" भीमाअण्णांनी विचारलं. त्यांची बांधाची केस बरीच वर्षं चालू होती.

"पाणी वकिलाला पाजायचं."

दाराशी उभ्या असलेल्या बुद्धप्रियाला हसू आलं, पण गोजरबाईंच्या टाचेला बांधलेली चिंधी बघून ते विरलं. बुद्धप्रिया जुळे सोलापुरात राहायची, बँकेत रोखपाल होती. तिच्या लेकीला गोजरबाईंनीच लहानाचं मोठं केलं होतं. काल फोनवर त्या आनंदानं म्हणाल्या होत्या, "साखरेच्या गोळ्या सोडल्या बग. सासूबाईची फुलदाणी देवाची निगाली." टाचेची जखम चिघळलीय हे मात्र बोलता बोलता निसटलं होतं. फुलदाणीचा उजेड हिरवा आहे, हेही त्यांच्याकडून ऐकल्यावर रसायनशास्त्र शिकलेल्या बुद्धप्रियाला एक शंका आली. ती पर्समध्ये एक वस्तू टाकून पहिल्या एसटीनं आली.

"मावशी, ही आली कुठून?"

"सासूबाई गिरणीच्या सायबाकडं कामाला हुत्या. सायब गाव सोडून गेला, तवा दिली त्येनं."

"साहेब निमित्तमात्र," बाबा मध्येच बोलले. "आज कलश मठात न्यायचा आहे. आणि माई, मनात शंका असली की तो पेटत नाही."

"माझ्या मनात तर भरपूर आहे. बघू या."

तिनं पर्समधला छोटा जांभळा दिवा काढला आणि फुलदाणीवर धरला. फुलदाणी मघाच्याच हिरव्या उजेडानं पेटली.

"माईत देवीचा अंश आहे," बाबा घाईनं म्हणाले.

"अंश दिव्यात आहे. बँकेत खोट्या नोटा ओळखायला वापरतो आम्ही. मावशी, तुम्ही धरा."

गोजरबाईंच्या हातूनही फुलदाणी पेटली. मग दिवा साध्या काचेच्या पेल्यावर धरला. काही झालं नाही. बाबांवर धरला, तर त्यांचं पांढरंशुभ्र धोतर निळंजांभळं चमकायला लागलं.

"धोतर बी नागलोकातलं काय?" भीमाअण्णा म्हणाले, आणि घर हसून हसून हललं.

"धुण्याच्या पावडरीचा गुण," बुद्धप्रिया म्हणाली. "आणि काचेत रंगासाठी चिमूटभर युरेनियम घालायची पद्धत होती. तसल्या काचेवर हा प्रकाश पडला की ती हिरवी उजळते."

तिनं फुलदाणी उलटी करून बुडाला बाबांनी फासलेला शेंदूर ओल्या फडक्यानं पुसला. खाली गोल पुसट शिक्का होता. तिनं वाचला, "मेड इन चेकोस्लोव्हाकिया. कारखान्याचं नाव नाही, ते शोधावं लागेल. पण हा देशच पहिल्या महायुद्धानंतर झाला. मग ही सातशे वर्षांची कशी?"

तोवर भीमाअण्णांनी कुंचा उचलून पिसं फाकवली होती. आत तसलाच दिवा निघाला. बाबांना एकदम मोडनिंबचं काम आठवलं. एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून ते निघाले, आणि गर्दीत बसलेले गावचे पोलीस पाटील त्यांच्यामागं.

माणसं पांगली. गोजरबाई मान खाली घालून बसल्या. "मला वाटलं, सासूबाईनं माज्यासाटी कायतरी मोठं ठेवलंय."

"ठेवलंयच की. इतकी देखणी वस्तू मी बघितली नव्हती. पण पाणी नको त्यातलं. चला, आधी दवाखाना."

डॉक्टर रागावले, पण टाच वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या खोलीत लोकांना दिसलं ते खोटं नव्हतं. काच खरंच उजळत होती. खोटं होतं ते सांगितलेलं कारण. म्हणून नवल दिसलं की खुशाल बघावं, पण कारण विचारावं. आणि ते कळेपर्यंत गोळी चुकवू नये.