धाकट्याचा वाटा

लीया शुक्रवारच्या, शब्बाथच्या दिव्यात तेल घालत होती, तेवढ्यात आतून एलियाहकाका खाकरला. तेल ओट्यावर सांडलं. काका तर फाल्गुनातच गेलेला! पेणच्या कब्रस्तानात तिनंच त्याच्यावर माती लोटली होती.

खाटेवर बसला होता तिचा बाप, हासाजी. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचा शेक सुरू झाल्यापासून त्याचा आवाज बसत गेला आणि बसता बसता थेट मोठ्या भावाचा झाला. त्याच दुखण्यानं गेलेल्या भावाचा. तेव्हापासून हासाजी फारसा बोलेनासा झाला. अष्टमी गावातलं ते घर कसं भरल्यासारखं वाटायचं, आणि नको वाटायचं. आता तर उरलेला शेकही तो नको म्हणत होता.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना बाबा? गाठ निम्मी झालीय."

डॉक्टर आणखीही बोलले होते. रोग तोच, उपचार तेच, पण आईबापाकडून रक्तात काही बारीक फरक येतात, एका भावाला एक, दुसऱ्याला दुसरा. कदाचित त्यामुळं एकाला गुण येतो, एकाला येत नाही. त्यातलं 'कदाचित' हासाजीनं ऐकलंच नाही. त्याला ऐकू आली ती वाटणी.

नारळाची वाडी वाटली तेव्हा घरच्या रीतीनं मोठ्या भावानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आपला आधी उचलला. हासाजीनं विहिरीकडचा, चांगला वाटा घेतला. एलियाह नुसता हसला होता.

"रक्तातपण चांगला वाटा मीच उचलला," हासाजी म्हणाला. "त्याचं खाऊन जगू? नाय जमायचं."

"अरे, आईच्या पोटात कोण वाटे उचलायला बसलं होतं? तू गेलास तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तेवढ्यात फोन वाजला. पेणहून शीराकाकी, एलियाहची बायको. दर शुक्रवारी दिव्याआधी ती फोन करायची, आणि तो आवाज तिच्या कानी पडू नये म्हणून बाबा झोपलाय असं लीया सांगायची. आज मात्र रागाच्या भरात तिनं स्पीकर लावून फोन बापापुढं धरला.

"सांग काकीला, मला नाय जगायचं म्हणून," ती म्हणाली.

"हालो," हासाजी म्हणाला.

पलीकडं तो आवाज एलियाहचा होऊनच पोचला. हे काय करून बसलो आपण!

"आलात?" काकीनं हळूच विचारलं. "किती वाट बघायला लावलीत. एक विचारायचं राहून गेलं होतं."

हासाजी फोनकडं वाकला.

"हासाजीला वाटा आधी उचलू दिलात ना?"

लीया फोन बंद करायला गेली, तर बापानं तिचं मनगट धरलं. त्याचे डोळे वाहत होते.

"व्हय," तो म्हणाला. एलियाहच्या आवाजात, एलियाहसारखाच मध्ये थांबून. "धाकटा हाय तो. त्यानंच आधी उचलायचा."

"बरं केलंत," काकी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लीयानं ओटा पुसला, दिवा लावला.

"सोमवारी शेकाला कधी निघायचं गो?" पाठीमागून काकाच्या आवाजानं विचारलं.

"पहाटेच," ती म्हणाली. वळून मात्र तिनं पाहिलं नाही.