पहिल्या खुर्चीचा सूर

“नाही म्हणून सांगितलं त्यानं! मला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही!”

व्हर्लीन रिकाम्या हाताने आली, तेव्हाच ओडेसाला कळलं होतं की ही आज भांडायला आली आहे. एरवी मक्याचा पाव, पीचचा मुरंबा, असं काहीतरी झाकून आणल्याशिवाय ती या घराची पायरी चढत नसे. आज तिने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही.

ओडेसाचा नवरा होझिया ग्रंडी खिडकीपाशी बसून ट्रम्पेटच्या कळांना तेल घालत होता. त्याने मान वर केली. “कोण नाही म्हणालं? कशाला?”

“एझेल! दुसरं कोण? न्यूयॉर्कचा माणूस आलाय, अंकल होझिया. वादकांच्या युनियनच्या माडीवर दुपारी पोरं वाजवतात ना, तिथं त्यानं ह्याला ऐकलं. पहिली खुर्ची देतो म्हणाला. रेडिओवर वाजवणारा ऑर्केस्ट्रा, आणि पहिली खुर्ची! तर आमचे शहाणे काय म्हणाले? म्हणे, मी इथं बरा आहे.”

“डोकं फिरलंय का त्याचं?”

“डोकं ठिकाणावर आहे त्याचं. तुमच्यासाठी नाही म्हणाला तो.”

“माझ्यासाठी? मी काय केलं बाई?”

“तुम्ही काही केलं नाही. तेच तर म्हणते मी. दोन वर्षं झाली, त्या शेवटच्या सुराला तुम्ही काही करत नाही आणि सगळं तो करतो.”

स्वयंपाकघरात ओडेसाने नळ सोडला. भांडी मघाशीच धुऊन झाली होती.

होझियाने तेलाच्या बाटलीचं बूच लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. व्हर्लीन बोलून गेली खरी, पण आता तिचेच डोळे भरून आले. नवऱ्याच्या गुरूला असं तोंडावर बोलायचं म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं.

“मला माफ करा, अंकल. मी यायला नको होतं. पण तो माणूस सोमवारपर्यंतच आहे इथं. एझेल काही पोर नाही राहिला आता. तुम्हीच सांगा, ट्रम्पेटवाल्याचा ओठ टिकतो तरी किती वर्षं?”

ती गेल्यावर होझियाने ट्रम्पेट पेटीत घालून झाकण लावलं.

कर्नल बीझलीच्या ऑर्केस्ट्रात होझिया बावीस वर्षं पहिल्या खुर्चीवर होता. कर्नल कुठल्याही पलटणीत नव्हता. शिस्त तेवढी पलटणीची, म्हणून ते नाव. ऐकणाऱ्यांना वाटतं, मोठा वाजवणारा तो, जो पुढे येऊन एकटा वाजवतो. टाळ्या त्याला, पोरी त्याला, भिंतीवरच्या कागदावर नावही त्याचं. होझिया आयुष्यात कधी पुढे आला नाही. तो मागच्या रांगेत मधोमध बसायचा, आणि बाकीचे पितळी वाद्यं फुंकणारे त्याच्या श्वासाने श्वास घ्यायचे. तो चुकला तर अख्खा ऑर्केस्ट्रा चुकायचा. आणि तो चुकत नसे.

फक्त एक जागा त्याची एकट्याची होती. ‘मिझुरीचा पूर’ ही त्यांची हुकमी चीज. ती संपताना सगळे थांबत, तिघे ट्रम्पेटवाले उभे राहत आणि पहिल्या खुर्चीचा सूर सगळ्यांच्या वर जाई. खालचे दोघे आपापले सूर धरून त्याला आधार देत. होझियाची त्या सुरावर चढण्याची तऱ्हा वेगळी होती. तो नेम धरून सूर मारत नसे. किंचित उशिरा निघायचा, खालून, जरा घोगरा, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसा. आता हा काही पोचत नाही असं वाटता वाटता पोचायचा, आणि पोचला की आवाज इतका मोकळा व्हायचा की नाचणारी माणसं पाय थांबवून वर बघायची. कान्सास सिटीत रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा भिंतीपलीकडून सांगायचा, हा होझिया.

मग वरचा पुढचा दात हलायला लागला. ट्रम्पेटवाल्याचा संसार त्या दातावर उभा असतो. ओठ दातावर टेकतो आणि सूर ओठावर. होझियाने कुणाला सांगितलं नाही. तो भाकरीसारखा कडक पाव कॉफीत बुडवून खाऊ लागला, आणि ओडेसाही न विचारता मटण जास्त शिजवू लागली.

विचिटा गावच्या नाचाला, ऐन थंडीत, तो सूर पहिल्यांदा गेला. होझियाने ट्रम्पेट उचललं, फुंकलं, आणि ओठातून नुसती हवा निघाली. आता मेलो, असं त्याला वाटलं. आणि तेवढ्यात सूर आला. तोच उशीर, तोच घोगरेपणा, शेवटी तोच मोकळा उजेड. क्षणभर त्याला वाटलं आपणच वाजवलं. मग कळलं, आवाज उजव्या हाताकडून येतो आहे. उजव्या हाताला दुसरी खुर्ची, आणि दुसऱ्या खुर्चीवर एझेल टॉलिव्हर. त्याने आपला खालचा सूर सोडून होझियाचा सूर उचलला होता. मधला सूर गळला तर ऐकणाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

त्यावर दोघे कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसानंतर बसमधली आपली खिडकीची जागा होझियाने एझेलला दिली, एवढंच. पुढे दर वेळी होझिया उभा राही, ट्रम्पेट उचली, गाल फुगवी, आणि सूर शेजारून येई. दात बसेपर्यंत, असं तो स्वतःला समजावत राहिला. दात काही बसला नाही; एका सकाळी तो हातातच आला. बाकीचे सूर तो ओठ एका बाजूला सरकवून कसेबसे काढी, तो वरचा तेवढा निघत नसे.

हा एझेल ओक्लाहोमातून आला तेव्हा मिशीही फुटली नव्हती. श्वास कुठून घ्यायचा, ओठ कधी राखायचा, इथपासून होझियाने त्याला घडवलं. ओडेसाच्या टेबलावर तो वर्षभर जेवला. आणि आता तोच पोरगा होझियाची लाज राखायला आपलं नशीब दारातून परत पाठवत होता. होझियाला भयंकर राग आला, पण कुणाचा ते त्याला ठरवता येईना. एझेलचा म्हणावा तर त्याने काय वाईट केलं? त्याला स्वतःचीच किळस आली. दोन वर्षं फुकटच्या टाळ्या खाल्ल्या, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि ते त्याला फार लागलं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये न्याहारीचा नाच असे. कत्तलखान्यातले रात्रपाळीवाले, हॉटेलांतले वाढपी, नर्सा, सगळे काम संपवून घरी जाण्याआधी इथे येत. एका कोपऱ्यात अंडी तळली जात आणि उरलेल्या हॉलमध्ये माणसं नाचत. मागच्या खोलीत ऑर्केस्ट्रा किरमिजी कोट चढवत होता. होझियाने माउथपीस कोटाच्या आतल्या खिशातून काढला. ट्रम्पेटचा हा ओठाला लागणारा तुकडा तो नेहमी छातीपाशी ठेवी. थंडीच्या दिवसांत बसमध्ये तो बर्फासारखा गार होतो आणि मग ओठ बधिर पडतो. म्हणून ही सवय.

“एझेल.”

“काय, पॉप्स?” एझेल त्याला बापासारखं पॉप्सच म्हणे.

“आज तो सूर तू घेऊ नकोस.”

“कुठला सूर?”

“शेवटचा.”

एझेल कोटाची बटणं लावत राहिला. “शेवटचा सूर तर तुमचा असतो, पॉप्स. मी दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस. मला काय करायचंय त्याच्याशी?”

“पोरा, मला मूर्ख समजू नकोस.”

“मी कशाला समजू? मी माझ्यापुढं लिहिलंय ते वाजवतो. चला, कर्नल ओरडेल.”

“न्यूयॉर्कला नाही म्हणालास तू.”

एझेलचा हात शेवटच्या बटणावर थांबला. “व्हर्लीन आली होती ना तुमच्याकडं? तिला ना, तोंड आवरत नाही. तिकडं फार थंडी असते, पॉप्स. मला सोसत नाही.”

एवढं धडधडीत खोटं, आणि तेही इतक्या मायेने! जी गोष्ट कधी झालीच नाही असं दोघांनी इतके दिवस पाळलं, ती करू नकोस म्हणून सांगायचं तरी कसं?

‘मिझुरीचा पूर’ शेवटी आला. हॉल गच्च भरला होता, अंड्यांच्या धुरातून माणसं नाचत होती. भिंतीपाशी करड्या टोपीत एक परका माणूस उभा होता आणि त्याच्या शेजारी व्हर्लीन. न्यूयॉर्कच्या त्या माणसाला तिने ओढून आणलं असणार. सगळी वाद्यं थांबली. तिसऱ्या खुर्चीवरचा ट्रम्पेटवाला उभा राहिला. एझेल उभा राहिला.

होझिया बसून राहिला. त्याने ट्रम्पेट मांडीवर आडवं ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. चर्चमध्ये बाकावर बसून ठेवतात तसे.

एझेलने खाली पाहिलं. ट्रम्पेट त्याच्या ओठापाशी होतं, पण तो फुंकेना. कर्नलने वळून पाहिलं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं.

“पॉप्स,” एझेल ओठ न हलवता म्हणाला, “उठा.”

“माझ्याच्यानं होत नाही, पोरा.” होझिया मुद्दाम मोठ्याने बोलला. पुढच्या रांगेतल्या सॅक्सोफोनवाल्यांनी माना फिरवल्या. “दोन वर्षं झाली, होत नाही. तू घे.”

एझेलचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने फुंकलं. उशिरा निघून, खालून, जरा घोगरा असा तो सूर चढत गेला आणि वर जाऊन मोकळा झाला. सगळ्या हॉलने पाहिलं, होझियाचा सूर दुसऱ्याच माणसाच्या ट्रम्पेटातून येत होता. होझियाने मान खाली घातली होती. त्याला लाज वाटत होती, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच हलकंही वाटत होतं.

नंतर त्याने कोट काढून, घडी घालून कर्नलपुढे ठेवला. ऑर्केस्ट्रा सोडणाऱ्याने कोट परत द्यायचा, हा तिथला रिवाज. पुढच्या माणसाला तोच कोट आखूड-लांब करून घालतात.

“मला ठाऊक होतं,” कर्नल म्हणाला. “विचिटापासूनच.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? सूर लागत होता. आणि तुझाच होता. तो पोरगा त्यात स्वतःचं एवढंसुद्धा मिसळत नव्हता.” कर्नलने कोट परत त्याच्याकडे सरकवला. “राहू दे तुझ्याकडं.”

“नको. ओडेसा रोज बघेल आणि रडेल,” होझिया म्हणाला, आणि कोट तिथेच ठेवून तो घरी गेला.

एझेल आणि व्हर्लीन बुधवारच्या गाडीने गेले. स्टेशनवर एझेल बोलायला लागला, “पॉप्स, मी...” तर होझियाने त्याला मधेच तोडलं. “थंडी असते तिकडं. माउथपीस आत ठेवत जा.” व्हर्लीनने त्याच्या हातात मक्याच्या पावाचं पुडकं दिलं आणि ती दुसरीकडे बघत उभी राहिली.

होझियाला एका शाळेत बॉयलर सांभाळायचं काम मिळालं. कोळसा टाकायचा, काटा बघायचा. मास्तरीणबाई त्याला नावाने हाक मारत आणि त्याने काय केलं आयुष्यभर, हे कुणी विचारत नसे. त्यालाही सांगायची हौस नव्हती. नवा दात बसवून घेतला होता. तो हसताना बरा दिसे, वाजवायला कामाचा नव्हता.

हिवाळा लागता लागता एका संध्याकाळी रेडिओवर न्यूयॉर्कचा तो ऑर्केस्ट्रा आला. होझियाने खुर्ची जवळ ओढली. ओडेसा आत घेवडा शिजवत होती. तीन चिजा झाल्या, आणि चौथीच्या शेवटी सगळे थांबले. होझियाची हनुवटी आपोआप वर झाली, ओठ आवळले गेले. तो त्या उशिराची वाट बघत होता.

उशीर झालाच नाही. सूर आला तो थेट वरच आला. लख्ख, कोवळा, कुठे घोगरा नाही, कुठे चढण नाही. पहाटे खिडकी उघडावी आणि समोर सगळं दिसावं, तसा. होझियाने असा सूर आयुष्यात ऐकला नव्हता. इतकी वर्षं उजव्या हाताला बसलेल्या माणसाचा हा स्वतःचा आवाज, आणि तो त्याला आज पहिल्यांदा भेटत होता. दोन वर्षं त्या पोराने हा गळ्यातच दाबून ठेवला होता.

पोरगा चांगला वाजवत होता. फारच चांगला. होझियाचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच दमात त्याला कळलं की आपला तो जिना चढणारा सूर आता कुठेच उरला नाही. कान्सास सिटीत नाही, न्यूयॉर्कला नाही. तो शेवटचा वाजला होता त्या रविवारी, अंड्यांच्या धुरात.

ओडेसा हात पुसत दारात आली. बावीस वर्षं तिने तो सूर ऐकला होता, कधी हॉलच्या मागून, कधी भिंतीपलीकडून.

“आज एझेल नाही वाटतं?” ती म्हणाली. “हा कुणी दुसराच दिसतोय.”

“तोच आहे,” होझिया म्हणाला.

तिने येऊन त्याच्या छातीवर, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. आत माउथपीस होता. कोळशाच्या कामावरही तो रोज बरोबर नेत असे, आणि आताही तो चांगला ऊबदार होता.