दोन पेडांचा पीळ

बुधवारी सकाळी रुडो पायात रबरी चपला अडकवून मागच्या डेकवर कपडे वाळत टाकायला गेली. रात्रभर पाऊस पडून गेला होता. ओल्या लाकडावरून पाय सरकला आणि उजवा हात अंगाखाली आला. ती हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे मनगट मोडलंय हे एक्स-रेच्या आधीच तिला कळलं. पण उठून बसल्यावर तिने पहिलं नाव हाताचं काढलं नाही. "आनंदीचे केस," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून धावत आलेल्या तिच्या सासूबाईंनी, मृणालिनीबाईंनी, ते ऐकलं. घरात वेणीफणी जाणणारे दुसरे हात फक्त त्यांचेच होते. आणि नेमके तेच हात आनंदीला नको होते.

त्याची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. मृणालिनीबाई पहिल्यांदाच लेकाकडे, देवव्रतकडे, हॅमिल्टनला आल्या होत्या. सून झिंबाब्वेची, नात सहा वर्षांची. आनंदीने डोळे देवव्रतचे घेतले होते आणि केस आईचे. दाट, काळेभोर, प्रत्येक केसाचं बारीक वेटोळं. ओढून धरले तर खांद्याखाली येत, सोडले की टुणकन कानाशी. मृणालिनीबाईंना ते केस कोरडे वाटले. पोरीच्या डोक्याला तेल नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. रुडो ड्यूटीवर गेलेली पाहून त्यांनी वाटीभर खोबरेल कोमट केलं, बारीक दातांची फणी घेतली आणि कोरड्या केसांतून मुळापासून खाली ओढली. मग लाल रिबिनी लावून दोन करकचून वेण्या घातल्या. आनंदी रडली. मुली वेणी घालताना रडतातच, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. स्वतःच्या लहानपणी त्याही रडल्या होत्या.

चार दिवसांनी वेण्या सोडल्या तेव्हा दोन्ही कानशिलांपाशी नाण्याएवढी जागा मोकळी झाली होती. तिथे पुन्हा केस यायला आठ महिने लागले. रुडो एका शब्दानेही बोलली नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं. आनंदीची माया काही आटली नाही. ती आजीच्या हातून वरणभात खाई, आजीच्या पांघरुणात शिरे. फक्त आजीचा हात डोक्याकडे आला की हळूच मान बाजूला घेई. त्या एवढ्याशा हालचालीने बाईंचा दिवस काळवंडून जाई.

आता सोमवारी शाळेत आनंदीच्या कापा हाकाच्या चमूचा कार्यक्रम होता. माओरी गाणी, हातांच्या लयी, कपाळाला विणलेली पट्टी. गेल्या वर्षी रुडोने दोन रात्रपाळ्यांच्या मध्ये घाईघाईने तिच्या केसांचे पीळ घातले होते. दोन-दोन पेड एकमेकांभोवती फिरवायचे, असे डोकंभर. ते बारीक झाले होते, मधून टाळू दिसत होती, आणि वर्गातली एक मुलगी त्यांना टू मिनिट नूडल्स म्हणाली होती. या वर्षी आईने वचन दिलं होतं, जाड आणि भरगच्च घालीन. तसे झाले नाहीत तर आपण स्टेजवर जाणार नाही, असं आनंदीने सगळ्यांना शांतपणे सांगून ठेवलं होतं. आठ वर्षांची मुलगी जेव्हा न रडता काही सांगते तेव्हा ते खरंच असतं.

रुडोने डाव्या हाताने फोन लावून पाहिले. ऑकलंडला अवोन्डेलमध्ये एक ओळखीची बाई घरी केस करून देई, ती महिनाभर हरारेला गेलेली. दुसरीकडे दोन आठवडे जागा नव्हती. शुक्रवारी जेवताना रुडो म्हणाली, "आई करतील."

आनंदीने चमचा खाली ठेवला. "नो."

"माझ्या मुंजीत तुझ्या आजीने शेंडी अशी बांधली होती," देवव्रत म्हणाला, "की दोन दिवस माझे डोळे मिटत नव्हते. सगळ्या फोटोंत मी दचकलेला आहे."

कोणी हसलं नाही. देवव्रतने मान खाली घालून आमटी वाढून घेतली.

रुडोने लेकीला समजावलं. मी समोर बसेन, मी सांगेन, आजीचे फक्त हात. दुखलं तर तू स्टॉप म्हण, आजी थांबेल. आनंदीने आजीकडे पाहिलं आणि विचारलं, प्रॉमिस ऑन बाप्पा?

मृणालिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "देवाची शपथ मी घेत नाही, बाळा. पण थांबेन."

आनंदीने चमचा पुन्हा उचलला.

शनिवारी दुपारी बाथरूममध्ये स्टूल मांडलं. रुडो प्लॅस्टरचा हात गळ्यात बांधून टबाच्या कडेवर बसली. बाईंनी आयुष्यात शेकडो डोकी न्हाऊ घातली असतील, पण त्या दिवशी त्या पहिलीच्या वर्गात बसल्या. हे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. ओले करून, कंडिशनरने बुळबुळीत करून, चार भाग करून, बोटांनी गुंता सोडवायचा. तोही टोकाकडून सुरू करून वर वर जायचं. बाईंच्या मनात आलं, म्हणजे मी तेव्हा सगळंच उलटं केलं. हे कोणी रागावून सांगितलं असतं तर इतकं टोचलं नसतं.

आनंदी चार वेळा स्टॉप म्हणाली. पहिल्यांदा खरंच ओढलं गेलं होतं. बाकी तीनदा ती बहुधा परीक्षा पाहत होती. बाई चारही वेळा हात वर घेऊन थांबल्या आणि ती म्हणेपर्यंत पुन्हा हात लावला नाही.

इथवर छान झालं. घोळ पुढे झाला. रुडोने क्रीमचा डबा पुढे केला आणि बाईंनी सवयीने चार बोटं भरून घेतलं. डोक्याला लावायचं तर सढळ हाताने, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दोन पेड वेगळे केले, एकमेकांभोवती फिरवले आणि प्रत्येक फेऱ्याला आवळले. पहिला पीळ सुंदर झाला. सुबक, चकचकीत, एकसारखा, आणि सुतळीएवढा बारीक.

आनंदीने आरशात पाहिलं. "शूलेस," ती म्हणाली.

रुडोने सोडायला सांगितलं. दुसराही तसाच, तिसराही. रुडो पुन्हा पुन्हा म्हणत होती, सैल, आई, सैल धरा. बाईंना शब्द कळत होता, हाताला कळत नव्हता. सैल वेणी म्हणजे गबाळेपणा, असं पन्नास वर्षं शिकलेला हात तो. सहा घातले, सहाही सोडले. दिवेलागण झाली. दिवा लागल्यावर डोक्याला फणी लावायची नाही हा बाईंचा नेम घरात सगळ्यांना ठाऊक होता. रुडोही दमली होती. तिने केसांतलं जास्तीचं क्रीम ओल्या फडक्याने पुसून काढायला लावलं, मग ऑप शॉपमधून, जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणलेल्या लोकरीने एकेक भाग मुळापासून टोकापर्यंत गुंडाळून घेतला. असे रात्रभर ताणून सुकले की केस लांब होतात आणि पीळ भरतो, असं ती म्हणाली. झोपायला जाताना आनंदीने आईला विचारलं, ते आजीला ऐकू गेलं. कार्यक्रमाला बरं नाही म्हणून चिठ्ठी देशील का?

मृणालिनीबाई सहसा देवाकडे काही मागत नसत. नामस्मरण करताना मागणं म्हणजे पाहुण्याने भांडी उघडून पाहणं, असं त्यांना वाटे. त्या रात्री मात्र त्यांनी मागितलं. माझी अब्रू राहू दे असं नाही. पोरीला परवा चिठ्ठी लागू नये, एवढंच.

चातुर्मास चालू होता. लाख वातींचा त्यांचा नेम होता. रोज पहाटे अंघोळ करून मोजून वाती वळायच्या, त्या पुऱ्या होईपर्यंत बोलायचं नाही आणि चहाही घ्यायचा नाही. रविवारी बाहेर दाट धुकं होतं. हीट पंपासमोर आसन टाकून त्या बसल्या होत्या. समोर कापसाचा ढीग, वाटीत चमचाभर दूध. आनंदी लोकरीच्या काड्या डोक्यावर घेऊन उठून आली आणि शेजारी मांडी घालून बसली.

आजी कापूस अलगद पिंजे, नखाने सरकी काढे, बोट दुधात टेकवे, नुसतं टेकवे, आणि तळहातावर कापूस फिरवून वात सोडून देई. वात फुगीर, मऊ, जेमतेम पीळ पडलेली. आनंदीने एक उचलून दाबून पाहिली. मग स्वतः एक वळली, घट्ट, दोऱ्यासारखी, आणि आजीपुढे धरली. आजीने मान हलवली. व्हाय, आनंदीने विचारलं. उत्तर आलं नाही. आजीचा नेम तिला माहीत होता. ती थांबून राहिली.

शेवटची वात ठेवून बाईंनी हात जोडले आणि मग त्या बोलल्या.

"घट्ट वळली की तूप पीत नाही, बाळा. सैल ठेवावी लागते. आणि दूध जास्त झालं की कापूस बसतो, वात बारीक होते."

आनंदीने आपली घट्ट वात बाजूला टाकली. मग तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आजी. डू माय हेअर लाइक दॅट."

ढिगातली एक वात बाईंनी उचलली, पुन्हा ठेवली. पन्नास वर्षं हे हात रोज सैल पीळ घालत आले होते, आणि कालच्या दिवसभरात त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं. चहा घ्यायचा राहूनच गेला.

दहा वाजता बसल्या. लोकर सोडली तर केस खांद्याखाली आले होते, हलके, फुललेले. रुडोने विटांच्या बांधकामासारखे भाग पाडायला सांगितलं, म्हणजे मधल्या रेघा एकाखाली एक येत नाहीत आणि टाळू दिसत नाही. भाग बोटभर रुंद. क्रीम बोटाच्या पेरावर टेकवण्याइतकंच. बाईंनी दोन्ही पेडांना आधी उजवीकडे हलका पीळ दिला, मग एकमेकांभोवती डावीकडे फिरवले, मुळाशी जागा सोडून. हात आवळायला धावला की त्या मनात म्हणत, तूप पिऊ दे. पहिला पीळ झाला. रुडोने डाव्या हाताने तो उचलून तोलून पाहिला, जवळ नेऊन पाहिला.

"आई," ती म्हणाली, "हा माझ्यापेक्षा चांगला झालाय."

"उगीच काहीतरी."

"मी खोटं बोलून पोरीचं डोकं तुमच्या ताब्यात देईन का?"

आनंदीने आरसा मागितला. एकाच पिळाकडे तिने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली, "कीप गोइंग."

दिवस सरत गेला. देवव्रतने पोहे केले, त्यात मीठ दोनदा पडलं, सगळ्यांनी खाल्ले. पाचनंतर उजेड उतरला तेव्हा मागचे सहा पीळ बाकी होते. बाई उठल्या, देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. रुडोने चमकून पाहिलं. दिवा लागल्यावर?

"फणी लागत नाही आता," बाई म्हणाल्या. "बोटंच आहेत. आणि देवाला काय, पोर अर्धी राहिलेली आवडेल?"

शेवटचं टोक बोटाभोवती गुंडाळून सोडलं तेव्हा डोकंभर जाड, भरघोस पीळ झाले होते, पेन्सिलीपेक्षा जाड, हलवले की एकमेकांवर आपटून मऊ आवाज करणारे. आनंदीने मान जोरात हलवून पाहिली. पुन्हा हलवली. मग आजीच्या मांडीवर डोकं टेकून, तिथेच, पाच मिनिटांत झोपून गेली.

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये ती पहिल्या रांगेत उभी होती. गाण्याचे शब्द बाईंना कळत नव्हते, पण इतकी मुलं एका सुरात काही म्हणतायत तर ती प्रार्थनाच असणार, म्हणून त्यांनी हात जोडले. "आई, हात खाली घे, लोक बघतायत," देवव्रत कुजबुजला. त्यांनी घेतले नाहीत.

घरी आल्यावर आनंदीने सांगितलं की त्या नूडल्सवाल्या मुलीने केसांना हात लावू का म्हणून विचारलं. मग, तू काय म्हणालीस, रुडोने विचारलं. आनंदी म्हणाली, आय सेड, आस्क माय आजी.

संध्याकाळी चहा झाल्यावर बाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. रुडो बाथरूममधून बाहेर आली. प्लॅस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, ओल्या केसांना टॉवेल. इतके दिवस एका हाताने तिने स्वतःचे केस कसे काय निभावले होते, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने सोफ्यावरची उशी उचलली, बाईंच्या पायांशी जमिनीवर टाकली आणि क्रीमचा डबा बाईंच्या हातात दिला.

माझी आई झिंबाब्वेत, मुटारेला असते, तुम्हाला माहीतच आहे, ती सांगू लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने माझे पीळ घातले होते. इथे आल्यापासून मी कोणाला हात लावू दिला नाही. इथे बायका पैसे घेऊन करतात, चांगले करतात, पण मला नको वाटायचं. मग ती उशीवर बसली, पाठ करून, आणि म्हणाली, "आई. आता माझे."

मृणालिनीबाईंनी माळ डोळ्यांना लावून बाजूला ठेवली. त्यांना कोणाकोणाचे आभार मानावेत ते सुचेना. देवाचे मानले, आनंदीचे मानले, मुटारेच्या त्या न पाहिलेल्या विहीणबाईंचे मानले. मोडलेल्या मनगटाचे मानणं पाप झालं असतं, म्हणून तेवढे राहू दिले.

"कुठून सुरू करू?" त्यांनी विचारलं.

"मागून. मानेपासून."

बाईंनी टॉवेल सोडला. मानेवरचे केस ओले होते आणि कोमट. त्यांनी पहिला भाग वेगळा केला.