लंकाबाईंचा चौथा मुद्दा

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाइपरायटर आहे. घडलो कारखान्यात, पण आयुष्य गेलं नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात, व्हरांड्यातल्या खिडकीपाशी. माझे मालक राधाकृष्ण तिथे टेबल मांडून वकिलांचे कागद टाइप करत. माझ्या सुबक अक्षरांचं सगळे कौतुक करत. मला मात्र सतत धास्ती असे. एखादा शब्द चुकला तर कुणाचं तरी शेत जायचं!

१९७२च्या दुष्काळातली एक सकाळ मला आजही आठवते. खर्ड्याच्या लंकाबाई आल्या होत्या. त्यांचे पती वारले होते. भावाभावांच्या वाटणीत जमीन वेगळी झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. पती गेल्यावर धाकटे दीर गोरक्षनाथ यांनी त्यांची पाण्याची पाळीच बंद केली. लिंबोणीची झाडं वाळू लागली, तेव्हा लंकाबाईंनी दावा लावला.

त्या दिवशी मुद्दे काढायचे होते. दोन्ही बाजूंना जे मान्य नाही, त्याचे प्रश्न न्यायाधीश ठरवणार आणि पुढचा पुरावा त्याच प्रश्नांवर होणार. त्यासाठी दोन्ही वकील आपापला मसुदा देत. लंकाबाईंचे वकील सूर्यभान यांनी घाईघाईत तीन मुद्दे लिहून दिले आणि ते आत गेले.

टाइप झाल्यावर लंकाबाई म्हणाल्या, "दादा, वाचून दाखवा की."

राधाकृष्णांनी वाचलं. जमीन वादीची आहे काय? वाटणी झाली होती काय? बांध कुठून जातो?

"आन् पाण्याचं?"

"पाण्याचं यात नाही, बाई."

"मंग मी आले कशापायी? पानीच तर तोडलंय त्यानं!"

तेवढ्यात आतून पुकारा झाला. राधाकृष्णांनी तोच कागद पुन्हा माझ्यात चढवला. 'विहीर' लिहिताना नेमका माझा 'ह' अडकला. मला तर घामच फुटला असता! त्यांनी नखाने तो सोडवला आणि चौथा मुद्दा उमटला: 'विहिरीत वादीचा निम्मा हिस्सा आहे काय?' कागद घेऊन लंकाबाई धावत आत गेल्या. तो वाचून सूर्यभान वकील ओशाळले, पण त्यांनी लगेच तो पुढे केला.

खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "गोरक्षनाथ, जमीन वहिनींची आहे, हे मान्य आहे?"

"व्हय साहेब. जमीन वैनीचीच हाय. वाटनी झालीया, बांधबी मान्य हाय."

आमचे तिन्ही मुद्दे गेले! आता कागदावर उरलं काय?

"आणि विहीर?"

"इहीर माझी येकट्याची. म्या खांदली."

"दोघांनी खांदलीया!" लंकाबाई ओरडल्या.

"म्हणजे वाद एवढाच आहे," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी तो एकच मुद्दा कायम केला.

विहीर खोदायला असलेल्या पुंजारामने साक्ष दिली, की दोन्ही भाऊ त्याच्यासोबत राबले होते. दीड वर्षाने लंकाबाईंना निम्मा हिस्सा मिळाला. तोवर अर्धी झाडं वाळून गेली होती. उरलेली त्यांनी जगवली.

मित्रांनो, आज मी माळ्यावर आहे, माझी फीत वाळली आहे. कुणी धूळ पुसली तर बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या नावाने कुणी काही लिहिलं, तर सही किंवा अंगठा देण्याआधी ते पुरतं ऐकून घ्या. आपलं दुखणं त्यात नसेल, तर घाई असली तरी लिहिणाऱ्याला थांबवा आणि विचारा.