कचरा गिळणारं कुंड

त्या गुरुवारी वडगावच्या मागच्या विणकर वसाहतीत पाय ठेवायला जागा नव्हती. खडेबाजारातले दुकानदार आले होते, खानापूरकडून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. भाविकांच्या हातात सहसा हार-नारळ असतात. इथं प्रत्येकाच्या हातात कचऱ्याची पिशवी होती.

माळाच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीचं विटांचं कुंड. शेजारी कातड्याच्या आसनावर भस्मानंद महाराज.

"मायांनो, हा कचरा नाही, हे तुमचं पाप आहे!" महाराज गरजले. "ओलं पाप, सुकं पाप, टाका एकत्र! गाडीवाले ओला-सुका भेद करतात. माझा अग्निदेव भेद करत नाही!"

कुंड भरलं की त्यावर लोखंडी झाकण बसे. झाकणावरच्या तबकात चिमूटभर काळसर 'विभूती' असे. तिच्यावर महाराज तीर्थाचे चार थेंब सोडत आणि डोळे मिटून हात आसनाखाली नेत. जरा वेळानं काडी न ओढताच भप्पकन जांभळट ज्वाळा उठे! शंख, ताशे, घंटा यांचा कल्लोळ होई. मग झाकण निघे. चेला झोळी घेऊन आधी आत वाकून 'दर्शन' घेई, आणि मग लोकांना दिसे ते रिकामं कुंड आणि तळाला मऊ राख. तीच राख पुड्यांमधून वाटली जाई. पोटदुखीवर, काविळीवर, नजर लागल्यावर, कशावरही.

गर्दीत पुढं उभी होती अक्काताई. हे कुंड वसाहतीत रुजलं ते तिच्याच शब्दावर.

त्याआधी चार वर्षं वसाहतीचा कचरा तिनं आपल्या हातानं निवडला होता. बचत गटाच्या बायकांना घेऊन तिनं शेड उभी केली होती. ओल्याचं खत व्हायचं, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं होऊन भंगारात जायचं, सेल आणि सुया वेगळ्या डब्यात. मग तिचा धाकटा भाऊ भावकू महाराजांना घेऊन आला. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. अक्काताईनंच त्याला वाढवलं.

"आक्का, किती दिवस लोकांची घाण चिवडणार तू?" तो म्हणाला होता. "तुझ्या पायाची शपथ, मी सोता बघितलंय. काय बी उरत न्हाय."

तिची सून दिपाली हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "आई, ती ज्वाळा मी वर्गात पेटवून दाखवते." अक्काताईनं तिला गप्प केलं. भावानं पायाची शपथ घेतली होती. तिनं बायकांना गोळा करून सांगितलं, "मी सांगतोय न्हवं? टाका बिनघोर." शेडला कुलूप लागलं.

दोन महिने गेले. वसाहतीच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. पाच-सहा घरांत पोरं आजारी पडली. शेजारच्या रुक्माबाईची सात वर्षांची नात रक्षा हळदीसारखी पिवळी झाली. अक्काताई बघायला गेली, तर रुक्माबाई पोरीला पाण्यातून राख पाजत होती.

"डागदर म्हणतोय कावीळ हाय, पाणी घाण हाय," रुक्माबाई म्हणाली. "पण महाराजांची राख हाय की. तूच म्हणालतीस."

अक्काताईनं पुडी हातात घेतली. सवयीनं तिची बोटं राखेत फिरली आणि थबकली. एक कच नाही. काचेचा कण नाही, बांगडीचा तुकडा नाही, सेलची टोपी नाही. चार वर्षं कचरा निवडलेल्या बाईच्या डोक्यात लख्ख प्रश्न उभा राहिला. प्लास्टिक जळेल, कागद जळेल. काच कुठं जळती? मग ती गेली कुठं?

म्हणून त्या गुरुवारी पदराआड तिच्या हातात मागावरची सुताची भरलेली कांडी होती. सुताचं टोक काचेच्या बाटलीला घट्ट बांधलेलं. बाटली तिनं कुंडात सोडली आणि सूत काठावरून बाहेर घेतलं.

झाकण बसलं. तीर्थ पडलं, ज्वाळा उठली, शंख फुंकला गेला आणि तिच्या मुठीत कांडी गरगर फिरायला लागली. सूत सरसरत आत जात होतं, खाली, आणखी खाली. मग एकदम थांबलं. काठाशी सुताला तिनं खुणेची गाठ मारली.

झाकण निघालं. रिकामं कुंड, मऊ राख. "भस्मानंद महाराज की जय!"

"थांबा!" अक्काताई ओरडली. तिनं आत वाकून हातानं राख सारली. सूत तळाच्या दोन पत्र्यांमधल्या फटीत शिरलं होतं. ती ते हळूहळू वर ओढत राहिली. लोक टाचा उंचावून बघत होते. पत्र्याखालून आवाज आला. टक्. तिनं पुन्हा ओढलं. टक्.

'जळालेली' बाटली खालून पत्र्यावर टकटक करत होती!

वर आलेलं सूत तिनं गाठीपर्यंत मोजलं. सहा पुरुष, म्हणजे सहा माणसांएवढी खोली. लहानपणी याच माळावर तिनं बापाच्या विहिरीतून एवढ्याच लांब दोरानं पाणी ओढलं होतं.

"भावकू," ती वळली, "आबांची विहीर बुजवली म्हणालतास न्हवं?"

भावकूनं तिचा दंड धरला. "आक्का, घरात चल. हितं नको."

"हितंच बोल."

"तुला कवाच कळलं नसतं गं..." तो पुटपुटला.

तेवढ्यात गर्दीतून पुढं येऊन दिपालीनं महाराजांच्या आसनाचं कातडं ओढलं. खाली लोखंडी दांडा होता. तिनं तो खेचला आणि कुंडाचा तळ दोन झडपांसारखा खाली उघडला. असा भपकारा आला की पुढची रांग मागं पडली. खाली वसाहतीचा सगळा कचरा कुजत होता, आणि त्यावर काळ्या पिशव्या. भावकूचा टेम्पो शहरातून 'भक्तांचा कचरा' म्हणून आणायचा, त्या. त्यांतून सलाईनच्या नळ्या, सुया, डायपर बाहेर आले होते. शहरातली घाण ठेका घेऊन उचलायची आणि बापाच्या विहिरीत लोटायची, एवढाच तो यज्ञ होता. बोअर तिथून वीस पावलांवर होती.

दिपालीनं महाराजांचीच विभूती आणि महाराजांचंच तीर्थ घेऊन ज्वाळा पेटवून दाखवली. "विभूती म्हणजे पाण्यात टाकायचं जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट. तीर्थ म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही औषधाच्या दुकानात मिळतात. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, पेटतंच!" चेल्याच्या झोळीतून गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख निघाली; 'दर्शन' घेताना तीच तो आत पसरायचा. महाराज चपला टाकून पळत सुटले, ते विणकरांनी बोअरजवळ धरले.

आरोग्य खात्यानं बोअरला सील ठोकलं. भावकूविरुद्ध जबाब अक्काताईनंच दिला. घरी येऊन मात्र ती दोन दिवस जेवली नाही.

रक्षा महिन्यानं बरी झाली. शेड उघडली त्या दिवशी बायका आल्या, पण कुणी आत पाऊल टाकेना. रुक्माबाई दारातच उभी राहिली.

"आम्ही महाराजाला कुठं मानलं गं," ती म्हणाली. "आम्ही तुला मानलं."

अक्काताईनं हातातलं कुलूप खाली ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "आन् मी भावाला मानलं. हितनं फुडं मला बी मानू नका. आत या, डबं उघडा, काय कुठं जातंय ते आपल्या डोळ्यानं बघा. कोण म्हणलं नाहीसं झालं, तर त्याला इचारा, कुठं गेलं? आक्का म्हणली तरी इचारा. देव म्हणला तरी इचारा. नाहीसं काय बी होत न्हाय, बायांनो. ते कुणाच्या तरी पाण्यात जातंय."

रुक्माबाई आत आली. अक्काताईकडं न बघता तिनं पहिला डबा उघडला आणि आत वाकून बघितलं.