शिंकेची खुर्ची

इतरांना सर्दी कळते ती शिंकेने, गाणाऱ्याला कळते ती वरच्या सुराने, आणि तीही चांगली एक दिवस आधी. सकाळी अंथरुणातच, तोंड मिटून, वरचा सूर अगदी हळू गुणगुणून बघायचा. लागला तर दिवस आपला. नुसती हवाच आली तर समजायचं, पाहुणी दारात उभी आहे आणि येताना बोचकं घेऊन आली आहे.

त्या गुरुवारी धाकटीने गुणगुणून पाहिलं आणि हवा आली. पुन्हा पाहिलं, पुन्हा हवा. तिसऱ्यांदा तिने पाहिलंच नाही. आपण बघितलं नाही म्हणजे ते नाहीच, अशी स्वतःची समजूत घालायला माणसाला फार हुशारी लागत नाही.

धाकटी काही वयाने धाकटी नव्हती. पंचेचाळिशी उलटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते. पण गानमंडळात आली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती, आणि तेव्हा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

गळा जपण्याच्या बाबतीत त्या मंडळात एकाहून एक नमुने होते. खालच्या पट्टीत गाणारा जाड्या पंख्याला असा घाबरायचा की त्याची बायको उन्हाळ्यात वेगळ्या खोलीत झोपायची. एक बाई लग्नापासून थंड पाण्याला शिवल्या नव्हत्या आणि हे त्या ओळख झाल्याझाल्या सांगत. या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे मफलरकाका. गळ्यात बारा महिने राखाडी मफलर. जाड्या म्हणायचा, काका आंघोळसुद्धा मफलर गुंडाळूनच करतात. त्यांच्याजवळ दोन थर्मास असत. एकात कोमट पाणी, आणि दुसऱ्यात, पहिल्यातलं संपलं तर असावं म्हणून, कोमट पाणी.

हसायचं तेवढं सगळे हसत, पण काकांनी घालून दिलेला एक नियम कुणी मोडत नसे. एका वर्षी एकाच्या सर्दीने सगळं मंडळ झोपलं आणि ऐन कार्यक्रमात निम्मे लोक नुसते तोंड हलवत उभे राहिले. तेव्हापासून तालमीच्या खोलीत, दाराजवळ, उघड्या खिडकीखाली एक लाकडी खुर्ची ठेवलेली असे. तिचं नाव शिंकेची खुर्ची. ज्याचा घसा जरा जरी खवखवला त्याने आपणहून त्या खुर्चीवर जाऊन बसायचं. गायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, कारण कुजबुजीने घसा बोलण्याहून जास्त ओढला जातो. सगळ्यांचं गाणं नुसतं ऐकायचं आणि मनात म्हणायचं. कुणी कुणावर संशय घ्यायचा नाही, तपासायचं नाही. माणूस आपला आपण उठून बसेल, एवढ्याच विश्वासावर ती खुर्ची तिथे होती.

आणि त्या गुरुवारी शेवटची तालीम होती. रविवारी काकांचा निरोपाचा कार्यक्रम. त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, की आवाज आपल्याला सोडून जाण्याआधी आपण त्याला सोडलेला बरा. कार्यक्रमाच्या शेवटी बाप-लेकीचं एक गाणं होतं. लेक घर सोडून निघते, बाप तिला थांबवत नाही, एवढीच गोष्ट. पण शेवटची ओळ दोघांनी अगदी समोरासमोर, कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ उभं राहून, एका श्वासात गायची होती. बाप म्हणजे काका. लेक म्हणजे धाकटी. इतकी वर्षं समूहात मागे उभी राहिल्यावर पहिल्यांदाच ती पुढे येणार होती.

मंडळाच्या मास्तरांचाही एक नियम होता. शेवटच्या तालमीत जो गाईल तोच कार्यक्रमात गाईल. खुर्चीवर बसलं की जागा गेली. जागा घ्यायला नवी तयार होतीच. नवी म्हणजे मंडळात आलेली ताजी मुलगी, बोलायला गोड, गळा लोण्यासारखा, आणि लेकीचं गाणं तिला तोंडपाठ. तिने ते मुद्दाम पाठ केलं नव्हतं, ऐकून ऐकून बसलं होतं. धाकटीला याचाच जास्त राग यायचा.

तेव्हा धाकटीने सकाळपासून सगळे उपाय केले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घेतली, इतकी की नाकाचा शेंडा लाल झाला. मधात आल्याचा रस घेतला. घसा बधिर करणारी गोळी गालात धरली आणि तालमीला गेली. खुर्चीजवळून जाताना तिने तिच्याकडे पाहिलं नाही.

"धाकटे, आवाज जरा जड वाटतोय का गं?" काकांनी विचारलं. त्यांचे कान म्हणजे कान होते.

"धूळ हो, काका. काल माळा आवरायला काढला होता."

"धूळच ना?"

"धूळच."

"मग ठीक. माळा काय, कार्यक्रमानंतर आवरायचा होतास," असं म्हणून ते हसले. त्यांनी आपल्या पहिल्या थर्मासमधलं पाणी स्वतःच्या कपात ओतून तिला दिलं. ती प्यायली, आणि त्याच कपातून मग ते प्यायले.

मध्येच काकांची सून दुसरा थर्मास घेऊन आली. काका तो घरी विसरले होते, आणि एकाच थर्मासवर तालीम काढायची म्हणजे त्यांचा जीव टांगणीला. बरोबर नात होती, चिंगी. अजून शाळेतल्या पहिल्या अक्षरांशी झुंजणारी, पुढचा दात पडलेली. धाकटीची ती लाडकी. धाकटीने तिला मांडीवर घेतलं, आपल्यातलं अर्धं बिस्किट भरवलं आणि दोन्ही गालांचे पापे घेतले. मग उठली आणि काकांच्या समोर, कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ जाऊन, बापाचा निरोप घेतला. मास्तर म्हणाले, "बस्स. असंच रविवारी."

घरी जाऊन तिने स्वतःची अशी काही सरबराई केली की सर्दीच कंटाळली. गरम सूप, झोप, पुन्हा वाफ, कुणाशी बोलणं नाही. शनिवारी सकाळी अंथरुणातच वरचा सूर गुणगुणला, तो कसा अलगद लागला. जीव भांड्यात पडला. आपण उगाच घाबरलो, खरंच धूळ असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं एकदा बोललं की पहिला विश्वास आपलाच बसतो.

संध्याकाळी काकांच्या सुनेचा फोन आला. "ताई, बाबांचा आवाज गेलाय. पार गेलाय. डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय."

धाकटीने विचारलं, "कशाने?"

"कशाने काय, आमचं रत्न! काल रात्रीपासून शिंकतीय, ताप आहे. हजारदा सांगितलं होतं, कार्यक्रम होईपर्यंत आजोबांच्या मांडीवर चढू नकोस म्हणून. ऐकते का? तिनेच दिली."

इथे बोलायला हवं होतं. फोनवर होती, समोर कुणी नव्हतं, दोन वाक्यांचं काम होतं. धाकटीने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, छान मोकळा, घरंगळणारा आवाज. "मुलांचं असंच असतं गं," ती म्हणाली.

गुरुवारचं खोटं निदान घाबरून बोललेलं होतं. शनिवारचं वाक्य तिने शांतपणे, सूनबाईची समजूत काढावी तशा सुरात म्हटलं, आणि ते नंतर तिला झोपू देईना.

रविवारी सभागृह भरलं. लोक काकांना ऐकायला आले होते आणि काका पडद्याच्या कडेला बसून होते. कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांनी तालमीच्या खोलीतली ती खुर्ची मुद्दाम आणवून घेतली होती. बापाची ओळ जाड्या गायला. बिचाऱ्याने जीव ओतला, पण त्याच्या कपाळावर घामच इतका होता की लेक निघते आहे की बापच निघतो आहे ते कळेना. धाकटी मात्र आयुष्यात गायली नव्हती अशी गायली. टाळ्या थांबेनात. ती आत आली तेव्हा काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडीवरच्या पाटीवर लिहून दाखवलं, "सूर स्वच्छ होता." तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी ती त्यांच्या घरी गेली. सांगायचंच असं ठरवून निघाली होती, आणि जिना चढेपर्यंत आजच कशाला, जरा बरे झाल्यावर सांगू, इथपर्यंत आली होती.

दार सुनेने उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक बुटकं स्टूल होतं. त्यावर चिंगी बसली होती, नाकातोंडावर आईचा मोठा रुमाल बांधून, हात मांडीवर ठेवून.

"मावशी, जवळ येऊ नकोस," ती रुमालातून म्हणाली. "मी खुर्चीवर आहे."

"कुणी बसवलं गं तुला?"

"कुणी नाही. आजोबा म्हणतात ना, ज्याला शिंक आली त्याने आपणहून बसायचं."

"शाळेतून आली की तिथेच बसते हो," सून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "मी तेव्हा रागाने बोलून गेले, ते हिने धरून ठेवलंय. आता ऊठ म्हटलं तरी उठत नाही. जेवतेसुद्धा तिथेच."

"आजोबा माझ्याशी बोलत नाहीत," चिंगी म्हणाली. "शनिवारपासून."

"अगं, ते कुणाशीच बोलत नाहीत. डॉक्टरांनी बंदी केलीय."

"आई पण तसंच म्हणते. पण माझ्यामुळेच ना?"

खिडकीजवळ काका बसले होते, मफलर कानांपर्यंत, मांडीवर पाटी. नातीकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले, गाल फुगवले, हात पुढे केले. ती जागची हलली नाही. पाटीवर लिहिलेलं तिला अजून वाचता येत नव्हतं, आणि न बोलता हसणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, बोलण्यापुरता आवाज येईल परत, मात्र जपलात तर. गाण्याचं विचारू नका. हे सूनबाईने दारातच सांगितलं होतं.

धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. 

"काका, चिंगीने नाही दिली," ती म्हणाली. "मी दिली. तुम्हालाही आणि तिलाही. गुरुवारी मला सर्दी होती. तुमच्या कपातून पाणी प्यायले, हिला माझं उष्टं बिस्किट भरवलं. माळा वगैरे काही आवरला नव्हता."

स्वयंपाकघराच्या दारात सून ट्रे घेऊन थांबली.  काकांनी पाटी उचलली, लिहिलं आणि तिच्याकडे वळवली. "गुरुवारी कळलं होतं?"

पळून जायला एवढी एक फट होती. नव्हतं कळलं, असं म्हटलं असतं तर ते मानणाऱ्यांतले होते. गुरुवारी मानलं तसंच आताही मानलं असतं.

"सकाळीच," धाकटी म्हणाली. "वरचा सूर लागला नव्हता."

गाणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. काकांनी पाटी खाली घेतली आणि मफलरच्या टोकाने पुसली. ज्या मफलरवर ते धुळीचा कण बसू देत नसत, त्यावर खडूचा पांढरा पट्टा उमटला. ते स्टुलाकडे वळले.

"चिंगे," ते म्हणाले. आवाज कसला, बिजागरीला तेल नसलेलं दार करकरावं तसं काहीतरी. "तू नाहीस गं. ये."

"बाबा! बोलायचं नाही!" सून ओरडली.

"ये," ते पुन्हा म्हणाले. या वेळी अर्धा शब्द नुसती हवाच होती.

चिंगी उठली. रुमाल हनुवटीवर घसरला, तो तिने तसाच टाकला आणि धावत जाऊन आजोबांच्या मांडीवर चढली. काकांनी तिला मफलरमध्ये घेतलं. ते धाकटीवर रागावले नाहीत, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सुनेने ट्रे खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि ती काकांचा कप भरू लागली. 

धाकटीला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती दाराकडे वळली. दाराजवळ ते स्टूल रिकामं होतं. ती त्यावर बसली. गुडघे पार छातीशी आले.

चिंगीने मफलरमधून डोकं बाहेर काढलं. "मावशी, तुझी सर्दी तर गेली ना?"

"गेली."

"मग का बसलीस?"

"गुरुवारी बसले नाही म्हणून," धाकटी म्हणाली.

चिंगीने आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते धाकटीकडे बघत होते. ऊठ, असं तिला कुणी म्हटलं नाही.