आठ हजार कप्पे

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. अकरा वर्षं तिने या गोदामात पाय झिजवले. कुठल्या मांडणीत काय, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. आणि खुर्ची कुणाला मिळाली? तिनेच बोट धरून आणलेल्या धाकट्या जावेला!

आता माल गोळा करायला कुणी फिरत नाही. जाळीच्या आत पाटासारखी बुटकी यंत्रं मांडणीखाली शिरतात, ती अख्खी उचलतात आणि खुर्चीपुढे आणून उभी करतात. ज्या कप्प्यातलं काढायचं त्यावर दिवा पडतो, पडद्यावर नग दिसतात. काढायचे, खोक्यात टाकायचे, बटण दाबायचं, की पुढची मांडणी हजर. थोरलीच्या वाट्याला रिकामे कप्पे भरणं. "महाराणी बसल्यात," ती पुटपुटायची, "आणि मांडण्या चालत येतात दर्शनाला."

महिन्यात तीन चुका झाल्या तर खुर्ची थोरलीला, असं मुकादम बोलला होता. पण बया चुकेल तर शपथ! उलट मुकादम येता-जाता तिचीच तारीफ करायचा, आणि थोरलीचा जीव जळायचा.

शेवटी एका सोमवारी थोरलीने नळाच्या अर्धा इंची वॉशरच्या कप्प्यात पाऊण इंची भरले आणि अर्धा इंची भलत्याच मांडणीत सारले. नंबर कप्प्यावर असतो, वॉशरवर नसतो. यंत्राला पत्ता पाठ, माल कुठे ओळखता येतो?

दुपारी दिवा पडला. धाकटीने मूठभर वॉशर उचलले आणि तिचा हात थबकला.

"हे जड लागतात. पाऊण इंची आहेत."

यंत्रं थांबवली. मुकादम डोकं धरून बसला. मग अर्धा इंची गेले कुठे? आठ हजार कप्पे!

"ताईंना विचारा ना," धाकटी म्हणाली. "त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे इथलं?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. किती दिवसांनी! थोरलीची मान ताठ झाली. ती जाळीच्या आत शिरली, मांडण्यांवरचे आकडे वाचत तरातरा गेली, एकीपुढे वाकली आणि तळाचा, डाव्या कोपऱ्यातला कप्पा ओढला.

"हे घ्या!"

दुसऱ्या एकाही कप्प्याला तिने हात लावला नव्हता.

"मानलं बुवा तुम्हाला!" मुकादमाने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. धाकटीचे हात मात्र मांडीवरच राहिले.

मुकादम गेल्यावर ती हळूच म्हणाली, "न शोधताच सापडले, ताई."

थोरली घाईघाईने भरायच्या मालाकडे वळली.

"मुठीत घेऊन माल ओळखायला तुम्हीच शिकवलंत मला," धाकटी म्हणाली. "म्हणून आज वाचले."

दिवा पडला. तिने पाठ फिरवली आणि कामाला लागली.

सहाला सुटी व्हायची होती. मग दोघींना एकाच दाराने घरात शिरायचं होतं आणि एकाच ओट्यापाशी उभं राहायचं होतं.